बर्फावरची ब्युइक

शनिवारी सकाळी आमची आजी, अर्डिस हाउगेरूड, रेडिओवर बोलली. अख्ख्या देशाने ते ऐकलं आणि पॅनकेक खाणारी माणसं काटे खाली ठेवून टाळ्या वाजवायला उभी राहिली.

यातलं काहीही घडलेलं नाही. शनिवारी सकाळी लिंडगार्डमध्ये हवा बरी होती, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये नाश्ता होता, आम्ही सगळे खाऊन घरी आलो. कुणी विचारलंच तर एवढंच सांगायचं असं घरात ठरलं आहे. तुम्हीही एवढंच सांगा.

तर ही न घडलेली गोष्ट गुरुवारी दुपारी सुरू झाली, आजीच्या स्वयंपाकघरातल्या फोनवर.

'शनिवार-रविवार' हा कार्यक्रम आजी लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. त्यात देशभरातली साधी माणसं सुट्टीत काय केलं ते सांगतात. कुणी गवत कापलेलं असतं. कुणी शेजाऱ्याच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक दिवा घेतलेला असतो आणि घरी आल्यावर कळतं की हा दिवा आपणच त्यांना नाताळात दिला होता. कुणाचा कुत्रा प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये शिरून पुढच्या बाकावर बसलेला असतो. कधीही काहीही मोठं होत नाही. आजीच्या मते बातम्या अशाच असायला हव्या होत्या.

आणि आता त्याच कार्यक्रमाची रेने कपुटो नावाची मुलगी फोनवर होती. न्यू जर्सीची, बोलणं भरभर.

"शनिवारी आम्ही तुमच्या गावातून थेट कार्यक्रम करतोय. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, बर्फावरच्या गाडीची गोष्ट हाउगेरूडांची. तुम्ही सांगाल?"

आजीला इतका आनंद झाला की तिला ओट्याला धरावं लागलं. मग ती म्हणाली, "छे हो. आमच्याकडे काय आहे सांगण्यासारखं."

"अरेरे. बरं, काही हरकत नाही," रेने म्हणाली.

आजी थांबली. रेनेही थांबली. आजीला वाटलं, फोन बिघडला.

आमच्याकडे पहिला नकार म्हणजे नुसता नमस्कार असतो. दुसरा नकार म्हणजे 'बसा ना'. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर." लग्नाची मागणी, कॉफीचा दुसरा कप, बुडणाऱ्याला हात देणं, सगळं याच क्रमाने चालतं. न्यू जर्सीत बहुधा माणसं लवकर बुडतात.

"दुसरं कुणी सुचवाल?" रेनेने विचारलं.

आता आजीने जे केलं ते तिच्या मते अगदी सुरक्षित होतं. तिने नणंदेचं नाव सांगितलं. लव्हॉन दोनदा तरी नको म्हणेल आणि मग 'अर्डिसलाच विचारा' असं सांगेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

लव्हॉन पहिल्याच विचारण्याला हो म्हणाली.

गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. "पहिल्याच?" असं दोनदा विचारून मगच लोक पुढचं ऐकत. लव्हॉन मध्यंतरी काही वर्षं ॲरिझोनात राहून आली होती. उन्हाने माणूस मोकळा होतो, एवढंच तिच्या बाजूने बोललं गेलं.

*

शुक्रवारी संध्याकाळी सगळे आजीकडे जेवायला. ओव्हनमध्ये बटाट्यांचा थर दिलेलं खिमा-भाजीचं पातेलं, त्यानंतर लिंबाच्या वड्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाला चमच्यांवरून जे झालं त्यानंतर लव्हॉन पहिल्यांदाच या टेबलाशी बसत होती.

"हवा बरी आहे," कर्टिसकाका म्हणाला. कर्टिस म्हणजे आजीचा थोरला, गावच्या कौन्सिलचा सचिव. त्याला शांतता आवडे, आणि ती टिकवण्यासाठी तो सतत बोले.

"मला त्या मुलीने विचारलं, मी हो म्हटलं," लव्हॉन म्हणाली. "यात चुकलं काय?"

"चुकलं असं कुणी म्हटलं?" आजी म्हणाली.

"तू म्हटलं नाहीस. तू मला बटाटे ज्या तऱ्हेने वाढलेस त्यावरून कळलं."

"आणखी घे ना."

"नको."

"घे गं."

"नको, खरंच."

"थोडे घे."

"बरं, तू एवढं म्हणतेस तर." लव्हॉनने ताट पुढे केलं. "आणि मिलो माझा भाऊ होता. तुझा नवरा व्हायच्या आधी एकवीस वर्षं तो माझाच भाऊ होता. त्याची गोष्ट मी सांगितली तर कुणाचं काय जातं?"

आजीने ओव्हन पुसायला घेतला. गरम होता, तरी.

ब्रिटा हे सगळं पाहत होती. ती कर्टिसची मुलगी, शहरात शिकलेली, पण सुट्टीला आली की पुन्हा आमच्यासारखीच मागच्या दाराने येणारी. तिला एक गोष्ट लहानपणापासून खटकत आलेली. लव्हॉनआत्या ही गाडीची गोष्ट दर नाताळात सांगायची, सगळे हसून लोळायचे, आणि नेमक्या शेवटाला आजी उठून कप धुवायला जायची. स्वच्छ कपसुद्धा.

"आजी," ब्रिटा म्हणाली, "त्या गोष्टीला आणखी शेवट आहे का गं?"

"कसला शेवट?" आजी म्हणाली आणि कप धुवायला उठली.

कर्टिसने काटा ताटात ठेवला. आतापर्यंत तो आईच्या बाजूने होता, कारण आई काय ते दोन वाक्यांत संपवेल असा त्याचा हिशेब होता. शाळेत त्याला पोरं 'बर्फवाल्याचा पोरगा' म्हणत. ते आता सगळ्या देशाने म्हणू नये, एवढीच त्याची इच्छा. पण नवा शेवट? त्याने तिथल्या तिथे पक्ष बदलला.

"आत्याच सांगू दे," तो म्हणाला. "तिची गोष्ट निदान सगळ्यांना पाठ आहे."

"बाबा, दुपारी तर तुम्ही म्हणालात आजीने सांगावी!"

"दुपारी हवा वेगळी होती."

ताटात लिंबाची एकच वडी उरली होती. शेवटची वडी कुणी घेत नाही. लव्हॉनने अर्धी घेतली. कर्टिसने अर्ध्यातली अर्धी. ब्रिटाने त्यातली अर्धी. निघताना ताटात एक कण होता आणि सगळे त्याला 'वडी' म्हणत होते.

लव्हॉन दारात थांबली. "अर्डिस, तुला सांगायची होती का गोष्ट?"

"छे गं," आजी म्हणाली.

एकदा विचारून झालं, असं मनाशी म्हणत लव्हॉन गाडीत जाऊन बसली. घरी जाऊन तिने आरशासमोर गोष्ट पुन्हा म्हटली. किल्ली हरवल्याच्या ठिकाणी किती थांबायचं हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.

*

शनिवारी आगीचे बंब बाहेर गवतावर उभे केले होते. आग लागायचीच असेल तर ती नाश्त्यानंतर लागेल, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. आत लांब टेबलं, मेपलचा पाक, सॉसेजचा वास आणि मधोमध खरा मायक्रोफोन. एवढी गर्दी गावाने शाळा जळाली तेव्हा पाहिली होती, पण तेव्हा खायला नव्हतं.

सूत्रधार वेंडेल प्राइस आला तेव्हा सगळ्या माना वळल्या. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चांगला सहा फुटी. माणूस जेमतेम पाच. "बाकीचा मागून येतोय वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

ब्रिटाने रेनेला बंबामागे गाठलं.

"आजीला परत विचारा. तिला बोलायचंय."

"त्या नाही म्हणाल्या."

"हो, पण तुम्ही एकदाच विचारलंत. तीनदा विचारायचं असतं."

रेनेने तिच्याकडे पाहिलं. मग ती तडक पॅनकेकच्या रांगेत आजीसमोर जाऊन उभी राहिली. "बोलाल का? बोलाल का? बोलाल का?"

आजी ब्रिटाला बाजूला घेऊन म्हणाली, "या मुलीला बरं नाहीये का गं? तिला काहीतरी खायला घाल."

"असं एका दमात नाही हो!" ब्रिटा रेनेला सांगू लागली. "मध्ये वेळ जाऊ द्यायचा. कॉफी ओतायची. हवेबद्दल बोलायचं."

"किती वेळ?"

"कॉफी निवेपर्यंत."

"माझ्याकडे एका गोष्टीला अकरा मिनिटं आहेत!"

"मग पातळ कॉफी घ्या."

पण लाल दिवा लागला आणि लव्हॉन मायक्रोफोनशी जाऊन बसली. केस नवे सेट केलेले, ओठ रंगवलेले. आजी तिसऱ्या टेबलाशी, हात मांडीवर. तिच्या शेजारी कर्टिस, देवाचं नाव घेत.

लव्हॉन छान सांगायची, हे कबूल करायला हवं. दरवर्षी मार्चमध्ये अग्निशमन दलाचं आमचं मंडळ स्पून तळ्याच्या बर्फावर एक भंगार गाडी नेऊन ठेवतं आणि ती कोणत्या दिवशी बुडेल यावर तिकिटं विकतं; त्यातून बंबांचे पाइप येतात. त्या वर्षी गाडी ओढून न्यायचं काम मिलोकडे होतं. अंगणात दोन गाड्या, दोन्ही बर्फाखाली, दोन सारखेच पांढरे ढिगारे. मिलोने एक ढिगारा ट्रॅक्टरला बांधला आणि तळ्यावर नेऊन ठेवला. जवळ जाऊन बर्फ झाडायची गरज कुणालाच वाटली नाही. तिकिटावर ढिगाऱ्याचाच फोटो छापला.

"आणि मग ऊन पडलं!" लव्हॉन म्हणाली. "भंगार गाडी अंगणात, आणि तळ्यावर माझ्या भावाची नवी कोरी हिरवी ब्युइक! सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं!"

शेड हसली. हसणं सगळ्यांना पाठ होतं.

"कुणी त्याला सांगितलं नाही?" वेंडेलने विचारलं.

"सांगणार कसं? त्याला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की! पण तो बोलला असता तर मंडळाला वाईट वाटलं असतं. तिकिटं खपली होती ना."

वेंडेलने आजूबाजूला पाहिलं. शेडमधली सगळी माणसं गंभीरपणे मान हलवत होती.

"पण चालवत परत आणता आली असती."

इथे लव्हॉन थांबली, आरशासमोर ठरवल्यापेक्षा जरा जास्तच. "किल्ली हरवली! घरदार उलटंपालटं केलं, सापडली नाही. माझा भाऊ सोन्यासारखा माणूस होता हो, पण देवाने डोकं देताना—"

"हरवली नव्हती," आजी म्हणाली.

आपण हे मोठ्याने बोललो, हे तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आमच्या गावात कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. याआधी एकदाच, प्रवचनाच्या मध्ये, पाद्रीबाबांच्या डोक्यावरचं छत पडतंय हे सांगायला कुणीतरी हात वर केला होता, आणि तोही छत पडल्यावर.

"तुम्ही काही म्हणालात, बाई?" वेंडेलने विचारलं. "सांगायचंय का काही?"

"नाही नाही. चालू द्या तुमचं," आजी म्हणाली.

एक. शेडमधल्या प्रत्येकाने मनात मोजलं.

रेने दुसरा मायक्रोफोन घेऊन धावली. "प्लीज! सांगा ना!"

"नको हो. लव्हॉन किती छान सांगतेय."

दोन. पॅनकेक उलटणारा माणूस हातात झारा धरून थांबला. तव्यावरून धूर निघायला लागला. समोर अख्खं अग्निशमन दल बसलं होतं, पण कुणी हललं नाही. ब्रिटाने कॉफीची किटली उंच धरून रेनेला खूण केली. रेनेने घड्याळाकडे बोट दाखवलं. वेंडेलने पुढच्या गाण्याकडे वळायला तोंड उघडलं. आजीने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंफले. आता नाही विचारलं तर संपलं. उद्यापासून ती गोष्ट पुन्हा लव्हॉनची, कायमची.

लव्हॉनच्या समोर अजून मायक्रोफोन होता. देश ऐकत होता आणि तिच्याकडे अजून दोन विनोद शिल्लक होते, चांगले. पण ते दोन शब्द तिच्या कानातून जाईनात. मिलोच्या अंत्यविधीलासुद्धा लोकांनी किल्लीचा विनोद केला होता. केला होता तो तिनेच. आणि सगळ्यांत मोठ्याने हसलीही तीच होती, कारण नाहीतर रडू आलं असतं. हरवली नव्हती?

ती उठली. ब्रिटाच्या हातातली किटली घेतली. तिसऱ्या टेबलाशी जाऊन तिने आजीच्या कपात कॉफी ओतली, आणि ती ओतल्याचा आवाज थेट देशभर गेला.

"हवा बरी आहे," लव्हॉन म्हणाली.

"बरी आहे," आजी म्हणाली.

"वारा नाही फारसा."

"नाही."

रेने दुसरा मायक्रोफोन टेबलावर टेकवून, दोन्ही हातांनी केस धरून उभी होती. वेंडेल प्राइस, ज्याने उभ्या आयुष्यात रेडिओवर दोन सेकंद शांतता येऊ दिली नव्हती, तो हलला नाही.

"अर्डिस," लव्हॉन म्हणाली, आणि तिचा आवाज आरशासमोरचा नव्हता. "सांगतेस? मला खरंच माहीत नाही गं."

आजीने कॉफीचा एक घोट घेतला.

"बरं," ती म्हणाली. "तू एवढं म्हणतेस तर."

टाळ्या पडल्या त्या इथेच. गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती.

"किल्ली मिलोच्या डाव्या खिशात होती," आजीने सांगितलं. "गाडी नेली ती चूकच. तेवढा वेंधळा तो होताच. पण पहिल्या शनिवारी आम्ही दोघं गाडीतलं सामान काढायला गेलो. बाहेर थंडी, म्हणून आत बसलो. घरी तेव्हा चार पोरं, सासूबाई, आणि ही लव्हॉन—"

"मी दोन महिन्यांसाठी आले होते!"

"तीन वर्षं राहिलीस. ते असू दे. मिलोने किल्ली फिरवून रेडिओ लावला. तुमचाच कार्यक्रम होता. कुणा बाईच्या मांजरीने वाढदिवसाचा केक खाल्ला होता. मिलो हसला. आणि मग बोलायला लागला. तो घरात बोलत नसे. त्याला बोलायला जागाच नव्हती. बर्फावर जागा होती."

"काय बोलले ते?" वेंडेलने विचारलं.

"ते नाही सांगणार."

शेडने सुटकेचा निःश्वास टाकला.

"परत निघताना तो म्हणाला, किल्ली हरवली असं सांगू. हसतील लोक, हसू देत. मग दर शनिवारी नऊला पोरांना सांगायचं, आम्ही तळ्यावर किल्ली शोधायला जातोय, तुम्ही घरात शोधा. आणि जायचं. बर्फ टिकलं तोवर."

"मी गवताच्या गंजीत शोधली होती!" कर्टिस थेट कार्यक्रमात उभा राहून ओरडला. "दर शनिवारी! अख्खी गंजी!"

"हो रे राजा. तू फार छान शोधायचास."

कर्टिस खाली बसला. त्याला एकदम हसू फुटलं. कौन्सिलच्या सचिवाला इतकं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि बुडाली ती कधी?" वेंडेलचा आवाज आता त्याच्याच उंचीचा झाला होता.

"शनिवारीच. आम्ही घरून निघतच होतो. तडा गेल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर छप्पर तेवढं दिसत होतं, मग तेही नाही. मिलो म्हणाला, मागच्या वेळी रेडिओ बंद करायचा राहिला वाटतं."

"म्हणजे माझा भाऊ बावळट नव्हता," लव्हॉन म्हणाली.

"बावळट होता गं," आजी म्हणाली. "पण किल्लीच्या बाबतीत नाही."

मग सगळी शेड उभी राहिली, तवा पेटला, आणि तो विझवायला चौदा जवान एकदम धावले.

*

बाहेर गवतावर निरोप घ्यायला तास लागला, म्हणजे घाईच झाली. रेडिओबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही.

"पॅनकेक बरे होते," लव्हॉन म्हणाली.

"बरे होते."

"जरा लागले होते खालून."

"ते शेवटचे."

लव्हॉनने आजीच्या हातात हात अडकवला. दोघी गाडीपर्यंत चालत गेल्या, आणि मग ती हळूच म्हणाली, "आता कुठेय गं ती किल्ली?"

"डाव्या खिशात," आजी म्हणाली.

लव्हॉनला मिलोचा तो निळा सूट आठवला. शवपेटीचं झाकण लावण्याआधी आजी त्याचा खिसा नीट करत बराच वेळ उभी होती, तेही आठवलं. तिने आजीचा हात सोडला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण कार्यक्रम राज्याच्या तळी व जलाशय खात्यातही ऐकला जातो, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मंगळवारी नोटीस आली: स्पून तळ्याच्या तळाशी मोटार असल्याचे आकाशवाणीवरून समजले, ती त्वरित काढावी. त्या दिवसापासून लिंडगार्डमध्ये कुणालाही गाडी आठवत नाही. मंडळातल्या म्हाताऱ्यांना विचारा: "कसली गाडी?" पॅनकेकवाल्याला विचारा: "कसला रेडिओ?" आत्ताच मीही तुम्हाला सांगितलं, काही घडलं नाही.

पण आलेल्या पत्राला उत्तर न देणं आजीला असभ्य वाटलं. स्वयंपाकघरात आजी सांगत गेली, कर्टिस कौन्सिलच्या कागदावर लिहीत गेला, आणि लव्हॉन मध्येमध्ये सुधारत गेली. ते असं:

"मा. अधिकारी, तळी व जलाशय खाते, यांस.

विषय: स्पून तळ्यातील नसलेल्या मोटारीबाबत.

महोदय, सदर मोटार काढण्याविषयी आपण आम्हांस एकदाच विचारले आहे. तरी रीतीप्रमाणे आणखी दोन वेळा, मध्ये योग्य अंतर राखून व शक्य तर कॉफीसमवेत, विचारावे. सदर मोटार असलीच, तर ती बुडालेली नसून उभी केलेली आहे, व तिची किल्ली मालकाच्या डाव्या खिशात सुरक्षित आहे. सबब ती जागा हाउगेरूड कुटुंबाच्या नावे दोन व्यक्तींसाठी कायमची राखीव म्हणून नोंदवावी, दर शनिवारी सकाळी नऊ ते दहा त्या बाजूने मोटारबोटी नेण्यास मनाई करावी, आणि आपल्या पाणबुड्यांना रेडिओ चालू आढळल्यास तो त्यांनी कृपया बंद करू नये, ही विनंती."